मेळघाटात पौर्णिमेची रात्र

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात पाण्यावर येणाऱ्या जनावरांची नोंद करायला पाणवठ्याकाठच्या मचाणावर बसता येतं आणि त्यासाठी वनखात्यात कुणाची ओळख लागत नाही, हे पुण्यात अजून पुष्कळ जणांना ठाऊक नाही. इथून वाघ बघायला निघालेला माणूस बहुधा ताडोब्याला जातो. चिखलदऱ्याला जाणारे वेगळे. ते थंड हवा, पॉइंट आणि रबडीसाठी जातात आणि एक-दोन मुक्काम करून परततात. मला दोन्ही एकत्र हवं होतं, राहायला डोंगरावरचं गाव आणि हाताशी खरंखुरं रान. माझ्या सासूबाई परतवाड्याच्या. लग्न होऊन पुण्याला आल्या त्याला कितीतरी वर्षं लोटली, तरी मेळघाटाचं नाव निघालं की त्यांच्या तोंडी वऱ्हाडी येते. त्यामुळे कुठे जायचं यावर घरात चर्चा झालीच नाही.

चिखलदरा सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. गाव संपतं तिथूनच मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचं जंगल सुरू होतं. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत महाराष्ट्रातलं हे एकटंच होतं. आज त्याचं गाभा क्षेत्र जवळजवळ १,५०० चौरस किलोमीटर आहे आणि १९८७ साली जाहीर झालेलं गुगामल राष्ट्रीय उद्यान त्याच्याच पोटात आहे. डोंगर उभे, दऱ्या खोल, सागवान दूरवर पसरलेलं. इथे जीपमधून वाघ दिसणं कठीण, हे तिथले गाइड आपणहून आधीच सांगतात. म्हणूनच मला मचाण हवं होतं. एवढ्या मोठ्या, वळणावळणाच्या रानात जनावराच्या मागे गाडी पळवण्यापेक्षा उन्हाळ्यात ते जिथे येणारच, त्या पाण्याशी जाऊन बसावं, हे मला मनापासून पटलेलं आहे.

अर्ज ऑनलाइन भरला. ओळखपत्र, फोटो, अडीअडचणीला लागणारा घरचा नंबर आणि एक हमीपत्र, ज्यात आपल्या जबाबदारीवर येत आहोत असं लिहून द्यायचं. मचाणावर दोघांनी बसायचं, सोबत वनखात्याने नेमलेला माणूस. मी नणंदेचं नाव घातलं. ती शाळेत शिकवते, मे महिन्यात तिला सुट्टी असते, आणि तिच्याइतकं गप्प बसणारं माणूस आमच्या घरात दुसरं नाही. माझे यजमान म्हणाले, "मी आईबरोबर चिखलदऱ्याला थांबतो, तुम्ही दोघी जा." तेही बरंच झालं. मचाणाची शिडी चढणं सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपलं नसतं आणि त्यांना एकटं ठेवून आमचं मन लागलं नसतं.

अर्ज मंजूर झाल्याचा मेसेज आला आणि आम्ही तयारीला लागलो. तयारी म्हणजे मुख्यतः न हलता बसण्याची. संध्याकाळी आम्ही वेताळ टेकडीवर जायचो. तिथे जुन्या दगडाच्या खाणीत पाणी साचलेलं असतं, उन्हाळ्यातही टिकतं. मळलेली वाट सोडून खाणीच्या कडेला एका झुडपाआड बसायचं आणि अंधार पडेपर्यंत बोलायचं नाही. पहिल्या दिवशी पायाला मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली तरी हात हलवायचा नाही हे अवघड गेलं. पण चार-पाच दिवसांत फरक कळायला लागला. मोर आधी दूरच्या कड्यावरून बघून निघून जायचे, ते पुढे पुढे थेट पाण्यावर यायला लागले. नणंद म्हणाली, "वहिनी, इतकी वर्षं टेकडीवर येतोय, पण आपण आलो की पाखरं उठतात हे कधी लक्षातच आलं नव्हतं." मचाणावर बसायला जाणाऱ्या प्रत्येकाने हे आधी करावं असं मी सांगेन. शहरात राहून जी सतत चुळबूळ करायची सवय लागते, ती एका रात्रीत जात नाही.

कपडे खाकी किंवा शेवाळी रंगाचे, लांब बाह्यांचे. नवे घेण्याची गरज नाही, आम्हाला जुन्या बाजारात दोन चांगले सदरे मिळाले. अत्तर, सुगंधी साबण, डासांसाठी लावायचं वासाचं मलम, सगळं बंद. जनावरांना हे वास फार लांबून येतात. त्यामुळे डासांपासून वाचायचं ते अंगभर कपड्यांनीच. खाण्यासाठी दशम्या आणि गूळ नेला. कुरकुरीत काही नको, आणि चुरगळणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीतलं तर मुळीच नको. सगळं कापडात बांधायचं.

रात्रीच्या गाडीने सकाळी बडनेऱ्याला उतरलो, तिथून अमरावतीमार्गे परतवाडा. सासूबाईंच्या माहेरी दुपारचं जेवण झालं. त्यांच्या भावजयीने मला सरळच विचारलं, "काहून जाता त्या जंगलात रातच्याला? दिवसा नाही दिसत का?" पण डब्यात भाकरी-ठेचा बांधून दिला तोही त्यांनीच. परतवाडा सोडलं की घाट सुरू होतो. खाली मे महिन्याचं भाजून काढणारं ऊन होतं आणि वर पोचेपर्यंत गाडीच्या काचा उतरवता आल्या.

चिखलदऱ्याचे पॉइंट आम्ही थोडक्यात उरकले. भीमकुंड बघितलं, देवी पॉइंटला सासूबाईंनी ओटी भरली. एक जागा मात्र घाईत बघू नये, ती म्हणजे गाविलगड. हा किल्ला बहामनी काळातला आहे. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो घेतला आणि किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दरवाजावर गंडभेरुंडाचं शिल्प आहे, दोन डोकी असलेला पक्षी. आत तलाव आहेत, पडकी मशीद आहे, गवतात पडलेल्या तोफा आहेत. तटावर उभं राहिलं की ज्या जंगलात आपल्याला रात्र काढायची आहे ते खाली दिसतं आणि त्याचा आवाका ध्यानात येतो.

एका सकाळी वैराटची सफारी केली. वैराट हे या रांगेतलं सर्वांत उंच ठिकाण, १,१७८ मीटर. तिथे पूर्वी गाव होतं. व्याघ्र प्रकल्पासाठी त्याचं पुनर्वसन झालं आणि जिथे शेतं होती तिथे आता गवताचं मोठं कुरण आहे. गाइड कोरकू, म्हणजे मेळघाटातल्या आदिवासी जमातीचा होता. घरांचे चौथरे दाखवताना तो हळू आवाजात बोलत होता आणि त्याच चौथऱ्यांच्या पलीकडे गव्यांचा कळप चरत होता. मला या दोन्ही गोष्टींचं मोल वाटलं. जंगलाला मोकळी जागा मिळाली हे खरं, आणि ती कुणीतरी आपलं घर सोडल्यामुळे मिळाली हेही तितकंच खरं. तिथे जाणाऱ्याने नुसते गवे मोजून परत येऊ नये.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळीच जंगलातल्या सेमाडोह गावाला निघालो. वाटेत, सागाच्या पर्णहीन झाडावर, भर उजेडात एक घुबड बसलेलं ड्रायव्हरने दाखवलं. वितभर उंचीचं, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच, छातीवर गर्द तपकिरी पट्टा. रानपिंगळा. १८७३ साली ह्यूम या इंग्रज पक्षीअभ्यासकाने या पक्ष्याची नोंद केली, १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना कुणाला मिळाला नाही. १९१४ सालचा म्हणून एक नमुना संग्रहालयात होता, पण तो जुनाच चोरून नवी चिठ्ठी लावलेला निघाला. ती लबाडी उघडी पाडणाऱ्या पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९७ साली नोव्हेंबरात शहाद्याजवळ हा पक्षी जिवंत सापडला. पुढे तो मेळघाटातही आढळला. शंभराहून अधिक वर्षं हरवलेला पक्षी आमच्यासमोर मान फिरवत बसला होता. त्याने खाली झेप घेतली, सरडा उचलला आणि त्याच फांदीवर परत आला. नणंदेने दुर्बीण माझ्या हातात द्यायला बराच वेळ लावला.

दुपारी परिक्षेत्र कार्यालयात हजेरी लागली, ओळखपत्रं तपासली, नोंदीचा तक्ता आणि पेन्सिल मिळाली. तक्त्यात वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लू आणि शेरा असे रकाने. तिथल्या अधिकाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजावली आणि ती मला महत्त्वाची वाटते. पूर्वी वाघ मोजायचे ते ठशांवरून. काचेवर ठसा गिरवायचा, प्लास्टरचा साचा घ्यायचा. त्यात चूक फार व्हायची. राजस्थानात सरिस्कातले सगळे वाघ संपल्याचं २००४-०५ मध्ये उघड झालं, कागदावर मात्र ते होते. त्यानंतर २००६ पासून कॅमेरा ट्रॅपने, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याने, अंगावरचे पट्टे ताडून, दर चार वर्षांनी देशभर गणना होते. पौर्णिमेच्या रात्रीच्या नोंदींवरून वाघांचा आकडा ठरत नाही. ही रात्र आहे ती माणसांनी जंगल समजून घेण्यासाठी. तरीही जे दिसेल तेच लिहा, आवाजावरून अंदाजाने लिहू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं.

मोबाइल बंद करून पिशवीत ठेवायचे होते. टॉर्च फक्त अडचणीत. संध्याकाळ व्हायच्या आत जिप्सीने आम्हाला मचाणाच्या अलीकडे सोडलं आणि पुढे पायी. बायकांनी विचारायला संकोच करू नये म्हणून स्वच्छ लिहिते: चढण्याआधी खालीच सगळं उरकून घ्यायचं, दुपारनंतर पाणी बेताने प्यायचं, आणि रात्री अगदीच गरज पडली तर सोबतच्या माणसाला सांगायचं. आमच्यासोबतचे दादा म्हणाले, "ताई, लाजू नोका. मी आधी खाली उतरून पाह्यतो, मंग तुमी उतरा." तशी वेळ आली नाही, पण त्यांनी हे आधीच सांगितल्यामुळे आम्ही निर्धास्त झालो.

दादा कोरकू, जवळच्याच गावचे. घरी कोरकू, आमच्याशी वऱ्हाडी, साहेबांशी हिंदी. आमचं मचाण एका नाल्यावर होतं. नाला कोरडा, फक्त एका वळणावर खडकाच्या पोटात डोह होता, लांबरुंद अंगणाएवढा. काठाला मोह आणि टेंभुर्णी. टेंभुर्णीची पिकली फळं खाली पडलेली. वर चढण्याआधी दादांनी काठीने अस्वलाची विष्ठा फोडून दाखवली, आत टेंभुर्णीच्या चपट्या बिया खच्चून भरलेल्या. म्हणाले, "हे रोज येते इथं."

उजेड होता तोवर वानरं आली, मोर आले. एक भेकर आलं, प्रत्येक पावलागणिक थांबत, आणि पाण्याला तोंड लावल्यावरही त्याचे कान फिरत राहिले. सूर्य मावळला आणि पलीकडच्या धारेवरून चंद्र वर आला. मे महिन्यात सागाला पान नसतं. त्यामुळे फांद्यांची सावली डोहावर जाळी धरल्यासारखी पडली होती. रातवे बोलायला लागले. खाली सागाची वाळलेली पानं इतकी होती की घूस गेली तरी मोठं जनावर आल्यासारखं वाटे. दादा मात्र नुसत्या आवाजावरून मान हलवत, हे काही नाही, हे काही नाही.

मग त्यांनी हात वर केला. मला काहीच दिसत नव्हतं. बऱ्याच वेळाने झाडोऱ्याच्या काळोखात जमिनीलगत पांढरं काहीतरी हललं, मग आणखी, मग आणखी. पाय होते ते. गव्याचे चारही पाय गुडघ्यापासून खाली पांढरे असतात, मोजे घातल्यासारखे, आणि अंग काळपट असल्यामुळे आधी फक्त पायच उजेडात आले. वरची धडं दिसायला त्यांना झाडांबाहेर यावं लागलं. सर्वांत पुढे एक म्हातारी गाय. ती पाण्याच्या काठाशी उभी राहिली, नाक वर करून वारा घेत. तिची मान खाली गेली तेव्हाच मागचा कळप पाण्यावर आला. वासरं आयांच्या पोटाखालून डोकी काढून पीत होती. घटाघट नाही, ओठ पाण्याला टेकवून एकसंध ओढल्यासारखा आवाज, आणि मध्येच फुस्स करून सोडलेला श्वास. मी पेन्सिल हातात धरून बसले होते आणि लिहायचं राहून जात होतं. नणंदेने माझ्या हातातून तक्ता घेतला आणि वेळ टिपली.

गवे गेले आणि बराच वेळ काही आलं नाही. हाच भाग खरा कठीण. पाठ धरते, झोप येते, थंडी वाजायला लागते. दिवसा भाजून निघालेलं रान उत्तररात्री एवढं गार होईल असं वाटलं नव्हतं, सोबत शाल होती म्हणून निभावलं.

अस्वल आलं ते आमच्या पाठीमागून. दिसायच्या आधी ऐकू आलं, नाकाने फुरफुरत, पानं उधळत, लपण्याची काही गरज नसल्यासारखं. मचाणाच्या बरोबर खालून गेलं. वरून त्याची पाठ दिसली, लांब राठ केस, मान डोलावत चालणं. पाणी पिऊन झाल्यावर ते वळलं आणि छातीवरची पांढुरकी खूण क्षणभर स्पष्ट झाली. मग ते टेंभुर्णीखाली गेलं. आधी फळं खाल्ली आणि नंतर शेजारचं वारूळ उकरायला बसलं. वाळवी खाताना ते तोंड भोकाला लावून फुंकतं आणि जोरात ओढतं. अस्वलाच्या वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून ही ओढ लागते. हे मी वाचलेलं होतं, पण तो आवाज किती मोठा असतो याची कल्पना नव्हती. दादा माझ्या कानाशी कुजबुजले, "काहून घाबरून राह्यले ताई? ते जेवून राह्यलं." मी घाबरले नव्हते. मला रडू येत होतं, कारण एवढं मोठं, एवढं रागीट म्हणून बदनाम झालेलं जनावर दहा-पंधरा हातांवर आपल्या कामात रमलेलं होतं आणि त्याला आमची काही खबर नव्हती.

पहाटेआधी पलीकडच्या उतारावर सांबराने कॉल दिला, म्हणजे वाघ-बिबट्याची चाहूल लागल्यावर देतात तो धोक्याचा आवाज. एकदा, मग लागोपाठ. दादा ताठ बसले. कॉल सरकत सरकत दरीकडे गेला आणि थांबला. कोण होतं ते डोहावर आलं नाही. साहेबांनी बजावलं होतं तसं आम्ही तक्त्यात फक्त सांबराचा आवाज, एवढंच लिहिलं.

सकाळी गाडी आली. कार्यालयात चहा मिळाला, तक्ते जमा झाले. दुसऱ्या एका मचाणावर रानकुत्रे दिसले होते, एका ठिकाणी रात्रभर काहीच आलं नव्हतं. त्या जोडीतला मुलगा नाराज होता. त्याला दादांनी नकाशावर त्याचा पाणवठा दाखवला आणि वरच्या अंगाला दुसरं पाणी आहे, जनावरं यंदा तिकडे वळली असतील, असं समजावलं.

चिखलदऱ्याला परतलो तर सासूबाई वाटच बघत होत्या. सगळं क्रमाने सांगायला लावलं. अस्वलाचं ऐकून त्यांनी यजमानांना विचारलं, "तू का नाही गेला रे?" पुढचा सगळा प्रवास त्या लहानपणी मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायांच्या गोष्टी सांगत होत्या. वाटेतल्या मोथा गावी गाडी थांबवून घरासाठी खवा घेतला. मोथ्याच्या गवळ्यांचा खवा प्रसिद्ध आहे आणि तो तसा आहेही.

पुण्याहून जायचं असेल तर रेल्वेचं आरक्षण अर्जाच्या निकालाची वाट न बघता करून टाकावं, मे महिन्यात ऐन वेळी मिळत नाही. पौर्णिमेच्या आधी चिखलदऱ्यात किमान दोन रात्री काढाव्यात, वैराट आणि गाविलगड दोन्ही होतात आणि शरीरही सावरतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना गावात ठेवून मचाणावर जाता येतं, हा चिखलदऱ्याचा मोठा फायदा आहे. पुढच्या वर्षी आम्ही अर्ज अकोट वन्यजीव विभागात भरणार आहोत, शहानूर-नरनाळ्याच्या बाजूला. यजमानही येणार म्हणतात. तसं झालं तर दोन मचाणं लागतील, आणि सासूबाईंसोबत कोण थांबणार हे अजून ठरायचं आहे.